क्रीमची लॅब आणि कथालेखन: दोन्ही कसं जमवता?

लॅबवाली:
माटुंग्याच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) शिकले, आता तळोज्याला क्रीम-लोशनचे फॉर्म्युले बनवते. कथाही लिहिते. दिवाळी अंकांसाठी जुलै-ऑगस्टमध्ये कथा पाठवायची आणि नेमकं तेव्हाच थंडीच्या मालाचं काम अंगावर येतं. घरचे म्हणतात, एक काहीतरी धर. खरंच सोडावं लागतं का?

डोंबिवलीकरीण:
अगं, मुळीच सोडू नकोस! 22 वर्षं हेच करतेय मी. तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळा 75 अंशांपर्यंत तापवायचा, एकत्र घोटायचा आणि 40च्या आसपास निवेपर्यंत सुगंध घालायचा नाही, नाहीतर उडून जातो. त्या निवण्याच्या वेळात मी बीकरपाशी उभी राहून वाक्यं घोळवते, ॲप्रनच्या खिशातल्या चिठ्ठीवर दोन शब्द टिपते. रात्री तेवढ्यावर पान होतं. आणि नमुने 45 अंशांना 3 महिने ठेवतो ना, फुटतात का बघायला? तशी कथाही कपाटात ठेव. गेल्या वर्षी एक उघडली, तर शेवटचं पान पार फुटलेलं. तेल वेगळं, पाणी वेगळं. पुन्हा लिहिलं.

जुना केमिस्ट:
नेमणूकपत्रातली गुप्ततेची अट नीट वाचा. कंपनीच्या फॉर्म्युल्यातलं प्रमाण कथेत नको. वास, स्पर्श खुशाल येऊ द्या.

लॅबवाली:
आज ग्लिसरीन ओतताना मनगटापर्यंत लांब तार आली, आजीच्या पाकातल्यासारखी. चिठ्ठीवर टिपलंय. रविवारी बसते लिहायला.