‘मान्यता’ की ‘परवाना’? इजिप्तच्या अल-वसत पक्षाच्या निमित्ताने

प्रश्न : इजिप्तमधील ‘हिज़्ब अल-वसत’ या पक्षावरील एका लेखाचा अनुवाद करत आहे. मुस्लिम ब्रदरहूड या इजिप्तमधील जुन्या इस्लामवादी संघटनेतून बाहेर पडलेल्या तरुण फळीने १९९६ साली हा पक्ष काढला आणि कायदेशीर ठरण्यासाठी त्याला पंधरा वर्षे झगडावे लागले. तीन ठिकाणी अडलो आहे. पक्षाला ‘मवाळ इस्लामवादी’ म्हणावे का? त्याचा लढा ‘मान्यतेसाठी’ होता असे लिहावे का? आणि पक्षाचे नेते अबुल-इला माडी हे अभियंता असताना अरबी मजकुरात त्यांना जागोजागी ‘वकील’ का म्हटले आहे?

प्रतिसाद : ‘मवाळ’ टाळावा असे माझे मत आहे. मराठी वाचकाच्या मनात मवाळ म्हटले की जहाल आलेच, आणि त्यापाठोपाठ सुरतेची १९०७ ची फूट. तो भेद मुख्यतः सरकारशी कोणत्या सुरात बोलावे याचा होता. अरबी ‘वसत’ म्हणजे मध्य. कुराणातील ‘उम्मतन् वसतन्’ या शब्दांना ‘न्याय्य, समतोल समाज’ असा अर्थ दिला जातो आणि त्यावरूनच ‘वसतिय्या’ ही विचारधारा ओळखली जाते. म्हणून ‘मध्यममार्गी’ हा शब्द जवळचा आहे. हिंदीतील ‘औसत’ याच धातूचा. आपण मात्र त्या जागी फारसीतून आलेली ‘सरासरी’ घेतली. ‘इस्लामी’ आणि ‘इस्लामवादी’ यांतला फरक मात्र पाळावा, कारण पहिला शब्द धर्माविषयी आहे आणि दुसरा राजकारणाविषयी. पक्ष स्वतःला ‘इस्लामी मरजइय्या असलेला मदनी पक्ष’ म्हणवत असे. ‘मरजइय्या’साठी ‘अधिष्ठान’ चालेल. ‘मदनी’साठी ‘नागरी’ लिहिताना जपावे लागते, कारण आपल्याकडे नागरी म्हटले की सहकारी बँक किंवा सांडपाणी आठवते, तर तिथे त्याचा अर्थ ‘लष्कराचा नव्हे आणि धर्मगुरूंचाही नव्हे’ असा होतो. संस्थापकांत रफीक हबीब यांच्यासारखा प्रोटेस्टंट ख्रिस्ती विचारवंत होता, हे सांगितले की हा शब्द आपोआप उलगडतो.

दुसरा प्रतिसाद : माझा आक्षेप ‘मान्यता’ या शब्दाला आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. भारतात पक्षाची नोंदणी आणि पक्षाची मान्यता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली निवडणूक आयोगाकडे नोंदणी होते; मान्यता मते आणि जागा यांच्या प्रमाणावर मिळते, आणि ‘नोंदणीकृत परंतु मान्यताप्राप्त नसलेले’ शेकडो पक्ष आपल्याकडे सुखाने नांदतात. त्यामुळे ‘अल-वसतला मान्यता नव्हती’ असे वाचल्यावर आपला वाचक समजेल की बिचाऱ्यांना मते कमी पडली असावीत. इजिप्तमध्ये मतांपर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. १९७७ च्या चाळिसाव्या कायद्याने नेमलेल्या पक्षविषयक समितीने होकार दिल्याशिवाय पक्ष कायद्याने जन्मालाच येत नसे. या समितीचे अध्यक्षपद वरिष्ठ सभागृहाच्या सभापतींकडे असे; २००९ साली तर तेच गृहस्थ, सफवत अल-शरीफ, सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीसही होते. नव्या पक्षाचा कार्यक्रम आधीच्या पक्षांपेक्षा वेगळा असला पाहिजे, अशी त्या कायद्याची अट होती. म्हणजे बाजारात बसलेल्या दुकानदारांनीच नव्या दुकानाचा माल वेगळा आहे की नाही हे ठरवायचे. १९९६, १९९८, २००४ आणि २००९ असे चार वेळा अर्ज फेटाळले गेले. मधल्या अर्जांत नावही ‘मिसरी (म्हणजे इजिप्ती) वसत’, मग ‘नवा वसत’ असे बदलून पाहिले. १९९६ मध्येच माडींना अटक होऊन लष्करी न्यायालयात खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. पक्ष हा ब्रदरहूडचा मुखवटा आहे असा सरकारचा आरोप होता, आणि त्याच वेळी ब्रदरहूडचे वरिष्ठ आपल्या लोकांना अर्जावरच्या सह्या मागे घ्यायला लावत होते! राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाल्यावर आठच दिवसांनी, १९ फेब्रुवारी २०११ रोजी, न्यायालयाने पक्ष कायदेशीर ठरवला. अशा परवानगीला अरबीत ‘रुख़्सा’ म्हणतात. वाहन चालवण्याचा परवानाही रुख़्साच. आपली ‘रुखसत’ त्याच शब्दाची, फक्त आपण ती निरोप घेण्यापुरती ठेवली. मी ‘परवाना’ लिहीन.

तिसरा प्रतिसाद : ‘वकील’ या शब्दाचे कोडे मराठी माणसाला तरी अवघड वाटू नये. मूळ अरबीत ‘वकील’ म्हणजे प्रतिनिधी, मुखत्यार. कोर्टात उभा राहणारा तो ‘मुहामी’, आणि पक्षाचे दुसरे नेते इसाम सुलतान खरोखरच मुहामी होते. पेशव्यांचे दिल्लीतले वकील याच जुन्या अर्थाने वकील होते, आणि १७८४ साली महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी मिळवलेले ‘वकील-इ-मुतलक’ पदही त्याच अर्थाचे. काळा डगला नंतर आला. माडींचे पद होते ‘वकील मुअस्सिसी हिज़्ब अल-वसत, तहत अल-तासीस’, म्हणजे स्थापना व्हायच्या पक्षाच्या संस्थापकांचे प्रतिनिधी. याला नेमका मराठी शब्द सहकार खात्यात तयार आहे. गृहनिर्माण संस्थेची नोंदणी होईपर्यंत पाटीवर ‘नियोजित’ लिहितात आणि कागदपत्रांवर ‘मुख्य प्रवर्तक’ सही करतो. माडी हे ‘नियोजित अल-वसत पक्षाचे मुख्य प्रवर्तक’ होते, आणि हे बिरूद त्यांनी पंधरा वर्षे वागवले. आपल्याकडच्या काही नियोजित संस्थांना एवढा काळ फार वाटणार नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रश्नकर्ता : सर्वांचे आभार. ‘मध्यममार्गी इस्लामवादी’, ‘परवाना’ आणि ‘मुख्य प्रवर्तक’ हे तिन्ही घेतो. आडनावाचे तेवढे राहिले. ‘माडी’ लिहिले की मजला वाटतो, ‘मादी’ लिहिणे तर शक्यच नाही.

तिसरा प्रतिसाद : अरबीत त्या शब्दाचा अर्थ ‘गेलेला, भूतकाळचा’ असा आहे. तोच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन ‘माजी आमदार’ मधला ‘माजी’ झाला. तरीही ‘माडी’च ठेवा. ‘पक्षाध्यक्ष अबुल-इला माजी’ असे छापले, तर मुद्रितशोधक शब्दांची अदलाबदल करून त्यांना ‘माजी पक्षाध्यक्ष’ करून टाकेल.