जुन्या विनोदी मालिकांची नवी पर्वे: कोणती पाहावीत, कोणती सोडावीत?

पेठकरीण

नमस्कार. रात्रीच्या जेवणानंतर तासभर सर्वांनी मिळून काहीतरी पाहायचे, ही पद्धत आमच्या घरी अजून टिकून आहे. मात्र सासूबाई, आम्ही दोघे आणि अकरावीतला मुलगा अशा चौघांनाही हसू येईल अशी मालिका शोधणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ आणि ‘खिचडी’ यांचे जुने भाग आता आम्हाला तोंडपाठ आहेत, आणि मुलगा अभ्यासाला बसला की आम्ही दोघांनी ‘फ्रेजर’ या अमेरिकी विनोदी मालिकेची अकराही पर्वे पाहून संपवली आहेत. या तिन्ही मालिकांची पुढे निघालेली नवी पर्वे उपलब्ध आहेत, पण ती सुरू करायला मन धजावत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. या नव्या पर्वांपैकी कोणती खरोखर पाहण्याजोगी आहेत? आणि दर आठवड्याला नव्या मालिकांची जी रांग लागते, तिला आपण पुरे कसे पडता? ‘सगळेच छान आहे’ असे उत्तर कृपया देऊ नये.

रिमोटधारी

जुनी मालिका परत येते तेव्हा मी एकच गोष्ट पाहतो. मधे गेलेली वर्षे लेखकाने हिशेबात धरली आहेत, की पात्रे कालच उठून गेल्यासारखी त्याच सोफ्यावर आणून बसवली आहेत? या कसोटीला ‘खिचडी’ हा एकमेव अपवाद आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

‘खिचडी’ २००२मध्ये स्टार प्लसवर सुरू झाली. त्यानंतर २००५मध्ये ‘इन्स्टंट खिचडी’, २०१०मध्ये चित्रपट, २०१८मध्ये पुन्हा मालिका आणि २०२३मध्ये दुसरा चित्रपट, एवढ्या वेळा हे पारेख कुटुंब परत आले, आणि तरीही ते फारसे शिळे वाटत नाही. हंसा एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते, प्रफुल्ल अत्यंत गंभीर चेहऱ्याने भलताच अर्थ सांगतो, आणि हंसाचे त्या अर्थाने पूर्ण समाधान होते. या विनोदात काळ शिरायला जागाच नाही, कारण या माणसांनी शहाणे होणे अपेक्षितच नाही. सासूबाईंसोबत २०१८चे पर्व निःशंक सुरू करावे.

‘साराभाई’चे तसे नाही. २००४ ते २००६ या काळात स्टार वनवर चाललेल्या त्या मालिकेचा प्राण वर्गभेदात होता. कफ परेडमध्ये राहणारी माया आपल्या सुनेच्या काटकसरीकडे पाहून अत्यंत शुद्ध उच्चारांत जे टोमणे मारते, त्यांची धार भांडणात नव्हे, तर शिष्टाचारात होती. २०१७मध्ये हॉटस्टारवर दुसरे पर्व आले तेव्हा लेखक आतिश कपाडिया, दिग्दर्शक देवेन भोजानी आणि मूळ कलावंत हे सगळे परतले होते. तरीही माझ्या मते विनोद भडक झाला. जिथे पूर्वी माया झालेल्या रत्ना पाठक शाह यांची एक भुवई वर गेली की काम भागत असे, तिथे आता प्रत्येक वाक्य ओरडून सांगितल्यासारखे वाटते. दहाच भाग आहेत, त्यामुळे वेळ फारसा वाया जाणार नाही. पण मूळ मालिकेची सर त्याला नाही.

‘फ्रेजर’ मात्र आपण दोघांनी जरूर पाहावी, एवढेच की अपेक्षा बेताची ठेवावी. मूळ मालिका १९९३ ते २००४ चालली. नवी २०२३मध्ये पॅरामाउंट प्लसवर आली आणि दहा-दहा भागांच्या दोन पर्वांनंतर, २०२५च्या आरंभी, तिची पुढची पर्वे रद्द झाली. मूळ मालिकेत निवृत्त पोलीस बाप चिकटपट्टी लावलेली आपली जुनी आरामखुर्ची घेऊन मुलाच्या उंची घरात येऊन बसतो. नव्या मालिकेत फ्रेजर स्वतः बाप आहे आणि हार्वर्ड सोडून अग्निशमन दलात गेलेला त्याचा मुलगा फ्रेडी त्याला तेवढाच अनाकलनीय आहे. ही उलटापालट मला फार आवडली. बापाची भूमिका करणारे जॉन महोनी २०१८मध्ये वारले. नव्या मालिकेतल्या बारला त्यांचेच नाव दिले आहे. उणीव आहे ती फ्रेजरचा भाऊ नाइल्स याची. ती भूमिका करणारे डेव्हिड हाइड पिअर्स यांनी परत येण्यास नकार दिला, आणि त्या दोन भावांच्या जुगलबंदीची जागा निकोलस लिंडहर्स्ट यांच्या आळशी, दारूप्रिय प्राध्यापकाने बरीचशी भरून काढली असली तरी पूर्णपणे नाही.

काय टाळावे याचाही एक नमुना देतो. ‘विल अँड ग्रेस’ या अमेरिकी मालिकेच्या २००६मधल्या शेवटच्या भागात विल आणि ग्रेस या मित्रमैत्रिणीची मुले मोठी झालेली दाखवली होती. २०१७मध्ये मालिका परत आणताना तो सगळा भाग म्हणजे त्यांची मैत्रीण कॅरन हिला पडलेले स्वप्न होते असे सांगून मोकळे झाले. प्रेक्षकाने ज्या शेवटावर विश्वास ठेवला तो असा पुसून टाकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि ते पर्व त्यातून माझ्यापुरते तरी सावरले नाही.

कार्डिफकर

रिमोटधारी यांच्या कसोटीशी सहमत आहे. तिला ब्रिटनमधली दोन उदाहरणे जोडतो, कारण मी राहतो तिथून ‘गॅव्हिन अँड स्टेसी’मधले बॅरी आयलंड अगदी जवळ आहे आणि इथे या विषयावर कोणाशीही बोलता येते.

ही मालिका २००७ ते २०१० चालली. त्यानंतर जेम्स कॉर्डन आणि रूथ जोन्स या लेखकद्वयीने तिला हात लावला तो थेट २०१९च्या नाताळात, एका विशेष भागासाठी. त्या भागाच्या शेवटी नेसा गुडघ्यावर बसून स्मिदीला मागणी घालते आणि त्याचे उत्तर येण्याआधीच भाग संपतो! ते उत्तर प्रेक्षकांना २०२४च्या नाताळच्या रात्री मिळाले आणि ते त्याच रात्री ऐकण्यासाठी सुमारे १ कोटी २३ लाख लोक संचासमोर बसले होते. पूर्ण पर्व काढण्याचा मोह त्यांनी टाळला, हेच त्यांचे शहाणपण.

दुसरे उदाहरण उलट आहे. ‘येस प्राइम मिनिस्टर’ २०१३मध्ये गोल्ड वाहिनीवर परत आली, तीही अँटनी जे आणि जोनाथन लिन या मूळ लेखकांच्याच लेखणीतून. परंतु मूळ मालिकेतले प्रमुख नट पॉल एडिंग्टन आणि नायजेल हॉथॉर्न दोघेही हयात नव्हते, भूमिका नव्या नटांकडे गेल्या आणि सहा भागांतच कारभार आटोपला. त्यापेक्षा तिच्या आधीच्या ‘येस मिनिस्टर’चा ‘जी मंत्रीजी’ हा २००१चा हिंदी अवतार कुठे सापडला तर जरूर पाहावा. फारूख शेख यांचा गोंधळलेला मंत्री सासूबाईंना नक्की आवडेल.

मुलुंडवासी

‘साराभाई’च्या दुसऱ्या पर्वाविषयी रिमोटधारी जरा कठोर झाले आहेत. सतीश शाह आता आपल्यात नाहीत. मायाचा नवरा इंद्रवदन होऊन तिची आणि मुलगा रोसेश याच्या कवितांची खोड काढताना त्यांना आणखी दहा भाग पाहायला मिळतात, हे मला पुरेसे कारण वाटते.

मराठीबद्दल कोणीच काही लिहिलेले दिसत नाही. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ ते २०२४ चालून थांबली आणि २०२५मध्ये नव्या सूत्रसंचालकासह परत आली. प्रहसनांच्या कार्यक्रमाला हे झेपते, कारण तिथे दर आठवड्याला पात्रे नव्यानेच उभी राहतात. आवडले नाही तर पुढचा आठवडा आहेच. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ परत आणा अशी मागणी अधूनमधून कानावर येते, तिला माझा साफ विरोध आहे. प्रभावळकरांचे आबा, शिऱ्या आणि शलाका यांचे ते घर ज्या काळाचे होते, त्या काळातच त्याला राहू द्यावे.

शनिवारची सुट्टी

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. नव्या मालिकांना पुरे पडण्याचा प्रयत्नच मी सोडून दिला आहे. कोणतेही पर्व संपूर्ण प्रदर्शित होईपर्यंत हात लावत नाही, आणि पाहायला घेतल्यावर पहिल्या भागावरून निकाल देत नाही, कारण विनोदी मालिकेचा पहिला भाग बहुधा पात्रांच्या ओळखीतच खर्ची पडतो. तिसऱ्या भागापर्यंत कोणी हसले नाही तर ती मालिका बंद.

आपल्या चौघांसाठी ‘पंचायत’ हाताशी आहेच, अद्याप पाहिली नसेल तर. मुलासाठी ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ सुचवतो. फिलाडेल्फियातल्या एका सरकारी शाळेत निधी नाही, पुस्तके नाहीत, मुख्याध्यापिकेला कशाचेही सोयरसुतक नाही, आणि शिक्षक कॅमेऱ्याकडे हताशपणे पाहतात. आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षकाला हे परके वाटणार नाही. ‘द ऑफिस’ आवडली असेल तर ‘द पेपर’ पाहावी. २०२५मधल्या या मालिकेत जुने कार्यालय परत उघडण्याऐवजी ‘द ऑफिस’मध्ये माहितीपटासाठी चित्रीकरण करणारीच मंडळी अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या एका डबघाईला आलेल्या वृत्तपत्रात जातात. जुन्या पात्रांपैकी ठळकपणे फक्त ऑस्कर नावाचा कर्मचारी दिसतो. पुनरागमनाचा हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो.

आणि रिमोटधारी यांच्या कसोटीला पुरेपूर उतरणारी एक ॲनिमेशन मालिका राहून गेली, ‘किंग ऑफ द हिल’. २०१०मध्ये बंद झालेली ही मालिका २०२५मध्ये दहा भागांसह परतली. मधल्या काळात हँक आणि पेगी हे जोडपे सौदी अरेबियात नोकरीनिमित्त राहून आले आहेत, मुलगा बॉबी एकवीस वर्षांचा होऊन डॅलसमध्ये उपाहारगृह चालवतो, आणि आपले गाव आता आपल्याला ओळखीचे का वाटत नाही, हे हँकला उमगत नाही. आखातात वर्षे काढून परतलेले नातेवाईक ज्यांच्या घरात आहेत, त्यांना यातली निम्मी गंमत समजावून सांगावी लागणार नाही.

पेठकरीण

सर्वांचे मनापासून आभार. ‘खिचडी’चे २०१८चे पर्व आज रात्रीच सुरू करतो आहोत, आणि ‘फ्रेजर’ आमच्या दोघांसाठी राखून ठेवते. ‘साराभाई’बद्दल घरात मतदान घेतले, सासूबाईंनी मुलुंडवासी यांची बाजू उचलून धरली, त्यामुळे तेही होईल. इंग्रजी मालिका पाहताना सासूबाईंना तळाशी धावणारी अक्षरे वाचायला त्रास होतो, म्हणून ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ मुलाने सुट्टीच्या दुपारी पाहावी असे ठरले आहे. ‘जी मंत्रीजी’चे भाग कुठे पाहायला मिळतात हे कोणाला ठाऊक असल्यास इथेच लिहावे.