विंडोज 10 सोडायची एवढी घाई कशाला?

उभा_टास्कबार (धागाकर्ता)

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला आणि तेव्हापासून ओळखीतला जो तो विचारतोय, "तुझं झालं का 11?" माझं नाही झालं, आणि एवढ्यात करणारही नाही. कारणं मांडतो. ज्यांना पटणार नाहीत त्यांनी खुशाल वाभाडे काढावेत.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय संपलं, हे न बघताच लोकांनी धसका घेतलाय. मशीन बंद पडत नाही, फायली कुठे जात नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारे, सुरक्षेतली भोकं बुजवणारे पॅच थांबले, बस. तेही घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून मिळतात. मशीनवर 22एच2 ही आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ते फुकट, नाहीतर रिवॉर्ड्सचे 1000 पॉइंट द्या किंवा पैसे मोजा. शिवाय विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची ओळख ऑक्टोबर 2028 पर्यंत पुरवली जाणार आहे, मायक्रोसॉफ्ट 365 च्या ॲप्सना सुरक्षा अपडेटही तोवर मिळणार आहेत. मग आजच्या आज उडी मारायची गरज काय?

आणि बदल्यात मिळतं काय? मी टास्कबार स्क्रीनच्या डाव्या कडेला उभा ठेवतो. रुंद स्क्रीनवर आडवी जागा फुकट जात असते आणि उभी अपुरी पडते, त्यामुळे तो तिथेच बरा. 11 आणताना ही सोय सरळ काढून टाकली. राइट क्लिक केलं की अर्धा मेन्यू दिसतो, उरलेला "शो मोअर ऑप्शन्स"च्या पडद्याआड. ज्याला सुधारणा म्हणतात ती अशी.

अजून एक. ऑक्टोबर 2018 मधलं विंडोज 10 चं मोठं अपडेट आठवतंय? काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच त्यात उडाल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं. तेव्हापासून माझा नियम एकच: आधी दुसऱ्यांना जाऊ द्यायचं.

---

पॅचवाली

"पॅच थांबले, बस" यातला "बस" फार स्वस्तात टाकलात.

10 आणि 11 मधला बराचसा कोड सामाईक आहे. 11 साठी पॅच आला की भोकं शोधणारे लोक जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघतात, नेमकं काय बदललं ते. जिथे बदललं तिथे भोक होतं. तेच भोक 10 मध्येही असेल, तर तिथे ते उघडंच राहणार. म्हणजे 11 चा प्रत्येक पॅच हा विना-पॅच 10 वर हल्ला करणाऱ्यांसाठी आयता नकाशा. सपोर्ट संपलेलं मशीन आहे तिथेच थांबत नाही, महिन्यागणिक जास्त धोक्यात येतं.

आणि "आधी दुसऱ्यांना जाऊ द्यायचं" म्हणताय, तर 11 बाहेर आलं 5 ऑक्टोबर 2021 ला. गेले की दुसरे! अजून किती जणांची वाट बघणार?

---

उभा_टास्कबार (धागाकर्ता)

नकाशाचा मुद्दा मान्य, पण तो विना-पॅच मशीनला लागू. मी 2026 पर्यंत पॅच घेतोच आहे की.

आणि सुरक्षेचा विषय निघाला की वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं भूत पुढे येतंच, म्हणून आधीच लिहून टाकतो. मे 2017 मध्ये जी मशीन्स त्याच्या तावडीत सापडली त्यातली बहुतेक विंडोज 7 वर होती. विंडोज 7 तेव्हा सपोर्टमध्ये होतं! पॅच मार्चमध्येच येऊन पडला होता, लोकांनी टाकला नव्हता. म्हणजे माणसांचा आळस नडला, जुनी सिस्टिम नव्हे.

---

पॅचवाली

मग हे उदाहरण माझ्या बाजूचं झालं ना! पॅच असूनही न टाकणाऱ्यांची ती गत झाली. वाढीव मुदत संपल्यावर तुम्ही कितीही दक्ष असा, टाकायला पॅचच नसेल. एक्सपीसाठी तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून मुदत संपल्यावरही पॅच काढला. दर वेळी असा अपवाद होईल हे गृहीत धरून मशीन वापरायचं का?

डिफेंडरचंही तसंच. तो ओळखीचा चोर पकडतो, दाराची मोडकी कडी बसवून देत नाही.

---

सातवी_पिढी

तुम्ही दोघं "करावं की न करावं" यावर भांडताय, इथे विचारतंय कोण! माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलची सातवी पिढी. 11 ला आठवी पिढी किंवा पुढची लागते, म्हणजे साधारण 2017 नंतरची. माझ्याकडे 16 जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, मशीन पाण्यासारखं चालतं. आणि 11 साठी तपासलं की चिन्ह मात्र लाल.

गंमत अशी की सातव्या पिढीतला एक प्रोसेसर, 7820एचक्यू, यादीत घेतलाय. का? तर तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ 2 मध्ये होता. तांत्रिक कारणं सांगणाऱ्यांनी यावर जरा प्रकाश टाकावा.

---

खटपट्या

@सातवी_पिढी, रूफस या प्रोग्रामने 11 बसवायची यूएसबी बनवा, बनवतानाच टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खरी सिस्टिमच उघडतेय ना ते बघणारी सोय) यांची तपासणी वगळायचा पर्याय विचारतो. टिक करा, बसवा, विसरून जा. माझ्या सहाव्या पिढीच्या मशीनवर झकास चालू आहे.

---

पॅचवाली

"विसरून जा" सोडून बाकी ठीक. अशा मशीनला दरवर्षीची नवी आवृत्ती आपोआप येईल असं धरून चालू नका. होम आवृत्तीला दोनच वर्षं सपोर्ट असतो, म्हणजे ती संपायच्या आत पुन्हा आयएसओ (विंडोज बसवायची फाइल) उतरवून हाताने चढवणं आलं. आणि अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. 11 च्या 24एच2 या आवृत्तीत प्रोसेसरला पॉपकाउंट ही आज्ञा समजणं सक्तीचं केलं, तेव्हा कोअर 2 डुओ या जुन्या प्रोसेसरवर खटपट करून 11 चालवणारे तिथेच अडकले. त्याला कुठलीही पळवाट नाही, बूटच होत नाही.

स्वतःच्या मशीनवर करा की. दुसऱ्याच्या मशीनवर करून देऊ नका. पुढच्या वर्षी फोन तुम्हालाच येणार.

---

खटपट्या

फोन तर तसेही येतात हो. प्रिंटर चालत नाही म्हणूनही मलाच येतात.

---

टर्मिनलवाला

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट. 2029 पर्यंत सपोर्ट, सातवी काय, चौथी पिढीही चालते, खातं मागत नाही, जाहिराती नाहीत. यूएसबीवरून न बसवता चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, वेबकॅम, मशीन झोपवून उठवणं, एवढं तपासा आणि मग ठरवा.

(हो, प्रत्येक धाग्यात एक लिनक्सवाला असतोच. हलके घ्या.)

---

हिशोबनीस

आलातच का! :)

माझं पोटापाण्याचं सॉफ्टवेअर डाँगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही, आणि त्या डाँगलचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) फक्त विंडोजचा. एक्सेलच्या फायलींत मॅक्रो इतके की लिब्रेऑफिसमध्ये त्यांचं काय होतं ते बघायची हिंमत नाही.

पण माझा आक्षेप 11 वालेही ऐकत नाहीत. 11 ची 32 बिट आवृत्तीच निघालेली नाही. 32 बिट प्रोग्राम 64 बिट विंडोजवर चालतात हे खरं, पण ड्रायव्हर 64 बिटच लागतो. तो असला तरी "मेमरी इंटिग्रिटी" ही विंडोजची सुरक्षा सोय चालू असेल तर जुने ड्रायव्हर अडवले जातात. तीच बंद करायची, तर ज्या सुरक्षेसाठी 11 वर जायचं तिचा एक भाग आपणच काढून टाकायचा! त्यामुळे आमच्यासारख्यांचा प्रश्न विंडोजपाशी सुटतच नाही. डाँगल बनवणारा नवा ड्रायव्हर देणार का, यावर सगळं अडलंय. तो म्हणतो, नवी आवृत्ती विकत घ्या.

---

पॅचवाली

याला माझ्याकडेही उत्तर नाही. फक्त ते मशीन इंटरनेटपासून तोडा. हिशोब त्यावर, मेल आणि ब्राउझिंग दुसऱ्यावर.

---

साधी_वापरकर्ती

मी मेल, व्हिडिओ कॉल आणि फोटो यापलीकडे काही करत नाही. 11 चालेल का ते सांगणारं "पीसी हेल्थ चेक" चालवलं तर म्हणतं टीपीएम 2.0 नाही. डेस्कटॉप तर आठव्या पिढीचा आहे. नवा घ्यावा लागेल का? जाणकारांनी सांगावं.

---

खटपट्या

अजिबात नाही, थांबा! बहुतेक तो आहे, पण बंद ठेवलेला आहे. जुळवलेल्या डेस्कटॉपवर हे सर्रास दिसतं. सुटा टीपीएम नसला तरी प्रोसेसरच्या पोटात असतो, इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) "सिक्युरिटी" किंवा "ॲडव्हान्स्ड" खाली शोधा आणि चालू करा. (एएमडीवाल्यांनी बायोस अद्ययावत करून घ्या. एफटीपीएममुळे मशीन मधूनच अडखळायचं, तो दोष एएमडीने 2022 मध्ये मान्य करून दुरुस्ती दिली.)

पण बायोसला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा.

"सिस्टिम इन्फर्मेशन" उघडा. त्यात "बायोस मोड" समोर "लेगसी" दिसलं तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली असणार. तशीच ठेवून बायोसमध्ये यूईएफआय (सुरू व्हायची नवी पद्धत) केलं की मशीनला विंडोज सापडणारच नाही, आणि मग सगळं उडालं म्हणून घाबरगुंडी. आधी विंडोजमधल्याच एमबीआर2जीपीटी या साधनाने डिस्क बदलून घ्यायची. ते आधी नुसती चाचणीही करून देतं.

दुसरं, डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली आहे का ते बघा. असेल तर बायोस बदलल्यावर निळा पडदा येऊन 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण त्या क्षणी मशीन बंद, म्हणून आधीच कागदावर लिहून ठेवा.

---

उभा_टास्कबार (धागाकर्ता)

वाचलंत ना? मेल आणि फोटोंसाठी मशीन वापरणाऱ्या माणसाने बायोस उघडायचं, डिस्कची आखणी बदलायची आणि 48 आकडे कागदावर उतरवायचे! माझा धागा याच्यावरच आहे. हे सगळं मुदतीच्या धाकाखाली कशाला करायचं?

त्यात ते खातं. 11 होम नव्याने बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं सक्तीचं. 24एच2 पासून त्या खात्याने नव्याने बसवलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्टही होते. खातं कुणा दुसऱ्याने काढून दिलं असेल आणि पासवर्ड हरवला, तर फोटो कुलपात आणि किल्ली परक्याच्या खिशात.

---

पॅचवाली

तुम्ही नव्याने बसवण्याचं आणि आहे त्यावरच अपग्रेड करण्याचं एकत्र कालवताय. 10 वरून थेट अपग्रेड केलं तर लोकल खातं तसंच राहतं आणि एन्क्रिप्शनही आपोआप चालू होत नाही. न पटलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून परत 10 वर येता येतं. फक्त त्या दिवसांत डिस्क साफ करायचा उत्साह आवरा, कारण परतीचा रस्ता "विंडोज.ओल्ड" या फोल्डरमध्ये असतो.

आणि वाढीव पॅचसाठी नाव नोंदवायलाही मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच. पैसे भरले तरी लागतं. म्हणजे ज्या खात्याला भिऊन 10 वर थांबलात तेच काढून 10 वर थांबलात.

---

सातवी_पिढी

हा वार बसला. :D

---

उभा_टास्कबार (धागाकर्ता)

बसला, पण मी मेलो नाही. ते खातं फक्त माझं, फोटोंच्या डिस्कची किल्ली त्यात नाही. आणि मी थांबतोय ते ऑक्टोबर 2026 पर्यंत. तोवर माझ्या जुन्या स्कॅनरचा 11 साठीचा ड्रायव्हर आला तर ठीक, नाहीतर मिंटची यूएसबी टर्मिनलवाल्यांकडून शिकून घेईन.

---

टर्मिनलवाला

स्कॅनर मिंटवर लगेच लावून बघा ना. बऱ्याच जुन्या स्कॅनरना तिथे वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. मॉडेल सांगा.

---

साधी_वापरकर्ती

मंडळी, मध्येच येते. "बायोस मोड: लेगसी" असंच दिसतंय. एन्क्रिप्शन बंद आहे. एमबीआर2जीपीटीची चाचणी केली तर "व्हॅलिडेशन फेल्ड" म्हणतंय.

---

खटपट्या

डिस्कवर किती पार्टिशन आहेत? प्रायमरी तीनच्या वर असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते नकार देतं. डिस्क मॅनेजमेंटचं चित्र टाका. आणि काहीही उडवण्याआधी फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग बोलू.