गोव्यातल्या अभयारण्यांपैकी कुठे जावं, बोंडला की खोतीगाव?
बोंडल्यात प्राणिसंग्रहालयही आहे, म्हणून तिथे "जंगल कमी, पिंजरे जास्त" असं कोणीतरी म्हणालं, ते पटलं. जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं छोटंसं अभयारण्य ते; लहान मुलं सोबत असतील तरच ठीक. जंगलच हवं तर दक्षिण गोव्यातल्या काणकोणचं खोतीगाव गाठा. वाघ दिसेल म्हणून मात्र जाऊ नका! मान वर ठेवा: शेकरू फांदीवरून झेपावतं तेव्हा आधी पानं सळसळतात, मग झुपकेदार शेपूट दिसते. सकाळी लवकर पोचा, उन्हं चढली की सगळं सामसूम. वेळ उरला तर नेत्रावळी गावात गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी पाहा. स्वच्छ पाण्यात तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येत राहतात. पावसाळ्यात जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू जवळ असू द्या.