देवाजवळ शहाणपण मागितलंत का कधी? अनुभव लिहा

नगरकरीण (धागा सुरू करते)

जय ख्रिस्त!

आमच्या महिला मंडळात दोन महिने बायबलमधलं याकोबाचं पत्र वाचतोय. पहिल्या अध्यायातल्या पाचव्या वचनाशी येऊन थांबलो. ज्याला शहाणपण कमी पडतंय त्याने देवाजवळ मागावं. तो हात आखडता घेत नाही आणि मागणाऱ्याला बोलही लावत नाही. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "दुखणं बरं कर, नातवाला पास कर, हे रोज मागते. पण मला शहाणपण दे, असं कधी मागितलंच नाही गं." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

म्हणून हा धागा. सभेत उभं राहून सांगायची मोठी साक्षच हवी असं नाही. घरातली, कामावरची, साधी गोष्ट लिहा. काय मागितलं आणि मग काय झालं, एवढंच.

माझं सांगते. सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे. मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली, पण संध्याकाळ झाली की त्या विचारतात, "हे अजून आले नाहीत का?" ते देवाघरी गेले असं सांगितलं, की त्यांना ते पहिल्यांदाच कळतं आणि त्या नव्याने रडतात. शेतावर गेलेत म्हणावं तर ते खोटं. मन खायचं. एका संध्याकाळी दूध तापवत उभी होते आणि तिथेच डोळे मिटून म्हणाले, प्रभू, खरंही बोलायचंय आणि यांना दुखवायचंही नाही, मला जमत नाहीये, तू सांग. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. दूध उतू जायला लागलं म्हणून गॅस बंद केला, तोवर बाहेरून प्रश्न आलाच. माझ्या तोंडून निघालं, "आई, त्यांची फार आठवण येतेय ना?" त्या म्हणाल्या, "येते गं." आणि मग लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला बैलगाडीतून नगरला ह्यूम चर्चच्या उपासनेला गेल्याची गोष्ट त्यांनी सांगितली. थंडीने पाय गारठले तेव्हा मामंजींनी स्वतःचं घोंगडं त्यांच्या पायांवर टाकलं होतं. सोळा वर्षं या घरात आहे, मला हे माहीत नव्हतं. आता रोज तेच विचारते. कधी घोंगड्याची गोष्ट येते, कधी नुसती मान हलते. पण ते रडणं थांबलंय.

वसईची वाडी

आम्ही कॅथलिक. दृढीकरणाच्या (विश्वासात पक्कं करण्याच्या संस्काराच्या) वेळी पवित्र आत्म्याची सात दानं पाठ केली होती, त्यात शहाणपण पहिलं. पाठ केलं आणि विसरलो. वडील गेल्यावर वाडी आणि विहिरीवरून धाकट्या भावाशी बिनसलं. मी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना धरली. पाचव्या दिवशी लक्षात आलं की मी शहाणपण मागतोय ते त्याच्यासाठी! त्याला अक्कल येऊ दे, त्याला समजू दे. आपल्याला काही कमी आहे हे मनातही नव्हतं. उरलेले चार दिवस मागणं बदललं. दहाव्या दिवशी त्याच्या घरी गेलो आणि त्याचं म्हणणं मधे न बोलता ऐकलं. वाटणी अजून व्हायचीच आहे, खोटं का सांगू. पण विहिरीवरचा पंप आता दोघे आळीपाळीने लावतो.

रात्रपाळी

मी मस्कतला नर्स आहे. अतिदक्षता विभागात गुडघे टेकायला वेळ कुठला. मला बायबलमधल्या नहेम्याचा आधार वाटतो. राजाने त्याला विचारलं, तुला काय हवंय? त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधल्या क्षणात त्याने प्रार्थना केली (दुसरा अध्याय, चौथं वचन). नातेवाईक विचारतात, "सिस्टर, आई वाचेल ना?" त्या क्षणात मीही तेच करते. कधी शब्द सुचतात, कधी नुसता त्यांचा हात धरायचं सुचतं.

जालन्याचा

माझा अनुभव उलटा आहे, तरी लिहितो. नोकरी सोडू की नको, म्हणून डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. अब्राहामाला आपला देश सोडून जा असं सांगितलं, ते वचन निघालं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. बायकोलाही विचारलं नाही. पुढचे चौदा महिने घर तिने शिवणकामावर चालवलं. देवावर राग नाही. पण मग मी मागितलं त्याचं काय झालं, हा प्रश्न आहे.

निवृत्त पाळक

जालन्याच्या भाऊ, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. असं बोट मीही तरुणपणी ठेवलं आहे. प्रेषितांनी प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी माणूस निवडताना चिठ्ठ्या टाकल्या, पण ते पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या आधी. त्यानंतर 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात चिठ्ठ्या दिसत नाहीत. त्याच पुस्तकाच्या 15व्या अध्यायात यरुशलेममध्ये मोठा पेच आला, तेव्हा ते एकत्र बसले, पुष्कळ वाद झाला, पेत्राचं ऐकलं, बर्णबा आणि पौलाचं ऐकलं, शास्त्र पाहिलं. मग पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला असं योग्य वाटलं. "आणि आम्हाला" हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. शलमोन राजाने गिबोनात देवाजवळ जे शहाणपण मागितलं, त्याला मूळ हिब्रूत "ऐकणारं हृदय" असे शब्द आहेत. तुम्ही मागितलंत ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. कदाचित त्या रात्री ते शेजारच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेलं होतं. वहिनींना आमचा नमस्कार सांगा.

जालन्याचा

पाळकसाहेब, तिला वाचून दाखवलं. आता कुटुंबप्रार्थनेत ती आधी बोलते, मी नंतर.

नगरकरीण

सगळ्यांचे आभार. आमच्या आजींना लिहिता येत नाही, त्यांनी फोनवर सांगितलं ते इथे देते. नातू दहावीला नापास झाला. "या वेळी म्हटलं, देवा, त्याच्याशी काय बोलू ते दे. काहीच सुचलं नाही. मग त्याच्याजवळ जाऊन बसले आणि शेंगा फोडत राहिले. थोड्या वेळाने त्यानेही सूप आपल्याकडे ओढलं. अर्ध्या शेंगा झाल्यावर तोच बोलायला लागला."