पीबीपीनंतर आठवडाभर फ्रान्स: डोंगराळ पण शांत रस्ते कुठे मिळतील?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

ऑगस्ट 2027 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी) या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीची तयारी सुरू आहे. बीआरएम, म्हणजे पात्रतेच्या फेऱ्या, वेळेत झाल्या तर राँबुयेहून निघून 90 तासांत 1200 किमी संपवायचे. त्यानंतर बायको पुण्याहून येणार आहे आणि आम्हाला आठवडाभर दोघांनीच सायकल चालवायची आहे. घड्याळ न बघता, रोज चाळीस-पन्नास किमी.

ती सिंहगड चढते, ताम्हिणीत जाते, चढाला अजिबात घाबरत नाही. पण मागून भरधाव गाडी घासून गेली की तिचा त्या दिवसाचा आनंद संपतो, आणि मला ते पूर्ण पटतं. त्यामुळे आल्प्सचे नावाजलेले घाट नकोत. खेडी हवीत, चढउतार हवेत, ट्रक नकोत. दोघं शाकाहारी आहोत, अंडं आणि चीज चालतं.

भाग कुठला निवडू? आणि नकाशा बघून शांत रस्ता ओळखता येतो का?

तुलूझकर

लॉत जिल्ह्यात जा. नैऋत्य फ्रान्स, काओर ते फिजाक. मी तुलूझला नोकरी करतो आणि जमेल त्या शनिवारी सायकल रेल्वेत टाकून फिजाकला उतरतो, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतोय.

तिथले रस्ते रिकामे का आहेत, ते आधी सांगतो. साधारण 1850 च्या सुमारास या जिल्ह्यात जवळपास तीन लाख माणसं राहायची. आज पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. फिलॉक्सेरा किडीने द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, पहिल्या महायुद्धात गावोगावची तरणी पोरं गेली, उरलेल्यांनी शहर गाठलं. माणसं कमी झाली, पण वाडी-वाडीला जोडणारे रस्ते तसेच राहिले. आजही ते डांबरी आहेत आणि नीट राखलेले आहेत. तासभर चालवून दोन-तीन गाड्या भेटाव्यात, असे रस्ते इथे जागोजाग आहेत.

नकाशाचं विचारलंत. मिशेलँ कंपनीचा कागदी नकाशा घ्या, 1 सेंटीमीटरला दीड किलोमीटरवाला. त्यात लाल रस्ते टाळायचे, पिवळे जेवढ्यास तेवढे वापरायचे आणि जमेल तितकं पांढऱ्यावर राहायचं. कडेला हिरवी रेघ असेल तर तो रस्ता देखणा समजा. चढावर बाणासारख्या खुणा असतात: एक म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन म्हणजे 9 ते 13, तीन म्हणजे त्याहून खडा. फोनवरचं अ‍ॅप जवळचा रस्ता शोधून देतं, पण आदल्या रात्री टेबलावर हा नकाशा पसरून दुसऱ्या दिवसाची वाट ठरवण्याला तोड नाही. वहिनींनाही त्यात ओढा, मजा येईल.

आता वाट. पॅरिसच्या ऑस्टर्लिट्झ स्टेशनवरून काओरला थेट गाडी आहे, पाच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. सायकलची जागा तिकिटासोबतच राखून ठेवा. काओरमधून व्हेरपर्यंतचा नदीकाठचा रस्ता वाहता आहे, तेवढा सकाळी लवकर उरका. पुढे काँद्युशेला सेले नदी लॉत नदीला येऊन मिळते. तिथे डावीकडे वळून डी 41 हा जिल्हा रस्ता धरा.

हा डी 41 माझा फ्रान्समधला सर्वात लाडका रस्ता आहे. एका बाजूला नदी, मधे मक्याची शेतं आणि अक्रोडाची झाडं, दुसऱ्या बाजूला चुनखडीचा कडा. काही ठिकाणी कडा रस्त्याच्या वर झुकून पुढे आलाय, अगदी भाजे-कार्ल्याच्या लेण्यांखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. काब्रेरेला मुक्काम करा आणि गावावरचा चढ चढून पेश मेर्लची गुहा बघा. 1922 मध्ये गावातल्या दोन पोरांना आतली चित्रं सापडली. ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे 29 हजार वर्षांपूर्वीचे, एकमेकांकडे पाठ करून उभे. फोटो कितीही पाहिले असले तरी प्रत्यक्ष बघताना अंगावर काटा येतो. रोज मोजक्याच लोकांना आत सोडतात, तेव्हा आरक्षण आधी करा. आत बारा-तेरा अंश तापमान असतं, घामेजल्या जर्सीवर घालायला काहीतरी ठेवा.

दुसऱ्या दिवशी नदीने मार्सियाकपर्यंत जा आणि तिथून पूल ओलांडून वर चढा. चढ दीड-दोनशे मीटरचाच, पण वर गेल्यावर सगळंच पालटतं. या पठाराला कोस म्हणतात. पाणी जमिनीत मुरून जातं, त्यामुळे वर ओढा नाही, शेती जेमतेम. खुजे ओक, जुनिपरची झुडपं, मैलोन्‌मैल रचीव दगडी गडगे आणि मेंढपाळांच्या गोल दगडी खोपट्या. इथल्या मेंढ्या पांढऱ्या असतात, पण डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी. आपली चाहूल लागली की कळप एकदम वळून बघतो. वरून काजार्कला उतरा, तिथे मुक्काम. तिसऱ्या दिवशी ग्रेआलूवरून परत सेलेच्या खोऱ्यात, एस्पान्याकला. ग्रेआलूजवळचा डोल्मेन, म्हणजे अश्मयुगीन दगडी कबर, बघायला थांबा. स्पेनमधल्या सँतियागो तीर्थक्षेत्राला जाणाऱ्या यात्रामार्गाचा भाग म्हणून 1998 मध्ये ती युनेस्कोच्या यादीत आली. फिजाकला पोचलात की चढाची सवय झालेली असेल. मग पुढचे दिवस फिजाक धरून गोल फेऱ्या मारा, उत्तरेला सेगालाच्या ओलसर, चेस्टनटच्या टेकड्यांत.

सँ-सीर-लापोपी चुकवू नका असं सगळे सांगतील. गाव सुंदरच आहे, नदीच्या डोक्यावर कड्याला बिलगलेलं. पण ऑगस्टमध्ये तिथे बसगाड्यांची रांग लागते. सकाळी आठच्या आत जाऊन या, नाहीतर सोडून द्या.

नाशिकची_सायकल

तुलूझकरांचं म्हणणं मान्य, तरी आग्नेय फ्रान्समधल्या द्रोम जिल्ह्याचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. दी आणि क्रेस्त या दोन्ही गावांना रेल्वे स्टेशन आहे. मधला डी 93 गजबजलेला असतो, पण सायाँला तो सोडून दक्षिणेला वळलं की कोल द ला शोदिएर हा घाट लागतो, उंची 1047 मीटर. पाइनचं जंगल, वर सरळसोट कडे, आणि उतरल्यावर बुर्दो गाव. पाय मोकळे असतील तर व्हेरकोर डोंगररांगेतला कोंब लाव्हाल पण बघा, कड्यातून कोरून काढलेला रस्ता आहे.

मात्र लव्हेंडर जुलैतच संपत आलेलं असतं आणि मिस्त्राल वारा सुटला की उतारावरही पेडल मारावं लागतं. पीबीपीच्या थकलेल्या पायांना लॉत जास्त मानवेल, हे मीही कबूल करते.

ताईंसाठी एक सांगते. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि खेड्यांतले बहुतेक ड्रायव्हर ते पाळतात. आडव्यातिडव्या वळणावर ते मागे थांबून राहतात, हॉर्न वाजवत नाहीत. मला पहिल्यांदा उगाच बाजूला व्हावंसं वाटायचं. तसं करू नका, आपल्या रेषेत चालवत राहा.

घाटमाथा

दोघांचेही मनापासून आभार! हे वाचून बायकोने आत्ताच लॉतवर शिक्कामोर्तब केलंय. आता जेवण, पाणी आणि गिअर याबद्दल कोणी सांगेल का? तिच्या सायकलला पुढे 50/34 आणि मागे 11-28 दातांची चक्रं आहेत.

तुलूझकर

आधी गिअर. मागे 34 दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) टाका. चढ छोटे आहेत, पण खोऱ्यातून कोसवर निघणारे पांढरे रस्ते मधूनच दहा टक्क्यांच्या वर जातात आणि सोबत सामान असेल. डेरेलर (साखळी गिअरवर सरकवणारा भाग) तेवढं घेईल का, हे पुण्यातच मेकॅनिककडून तपासून घ्या.

पाण्यासाठी दफनभूमी शोधा. प्रत्येक खेड्याच्या कडेला ती असते आणि बहुतेक ठिकाणी आत नळ असतो. 'नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही. कोसवर ऊन चटके देतं, दोन्ही बाटल्या भरूनच वर चढा.

जेवणाच्या वेळा फार कडक. हॉटेलात दुपारचं बारा ते दीड, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. बेकरी दुपारी मिटते, सोमवारी बऱ्याच ठिकाणी उघडतच नाही. त्यामुळे सकाळीच पाव, टोमॅटो आणि रोकामादूर घेऊन ठेवा. बकरीच्या दुधाचं हे चीज छोट्या चकतीएवढं असतं, जेमतेम 35 ग्रॅमचं, पण पावावर पसरलं की पोटभर न्याहारी. हा बदकाचा मुलूख आहे, मेन्यूवर शाकाहारी फार सापडणार नाही. 'सालाद द शेव्र शो' मागा, म्हणजे गरम बकरीच्या चीजचं सॅलड, आणि वर बदक किंवा बेकन नको हे आवर्जून सांगा. ऑम्लेट बहुतेक ठिकाणी करून देतात. घरगुती मुक्काम घेतलात तर रात्रीच्या जेवणाचं खोली ठरवतानाच कळवा. माझ्या अनुभवात यजमानीण बाई आधी कळलं तर मनापासून वेगळं रांधतात, आयत्या वेळी मात्र त्यांचाही नाइलाज असतो.

गावात शिरताना उजवीकडच्या गल्लीवर कायम नजर ठेवा. पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जायचा हक्क असतो, आणि ट्रॅक्टरवाला तो बिनधास्त वापरतो.

सप्टेंबर उजाडला की शाळा सुरू होतात आणि डी 41 वरची ऑगस्टची गर्दीही ओसरते. तिकिटं त्या हिशेबाने काढता आली तर बघा. त्याच महिन्यात शिकारीचा हंगाम सुरू होतो, म्हणून रविवारी रानाच्या वाटेला जाताना दोघांनी भडक रंगाची जॅकेटं घाला.