सव्वापाच इंची फ्लॉपी वाचून देणारं गोव्यात कोणी आहे का?

मदत हवी आहे. काकांनी जत्रेतल्या नाटकांच्या संहिता जिस्ट कार्ड (मराठी टाइप करता यावं म्हणून बसवायचं कार्ड) लावलेल्या जुन्या डॉस मशीनवर टाइप केल्या होत्या. त्या 360 केबीच्या फ्लॉप्या आता माझ्याकडे आल्यात. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह सुचवू नका, तो साडेतीन इंचीच वाचतो. त्यात आपला पावसाळा! तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेत. तशीच घातली तर ड्राइव्हचं वाचणारं हेडही घाण होईल आणि तबकडीवर ओरखडेही उठतील. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसताना वरचा लेप निघतो का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. कोणाकडे चालू ड्राइव्ह आणि ग्रीसवीझल बोर्ड (जुना फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीने आजच्या कॉम्प्युटरला जोडणारा) असेल तर मी फोंड्याहून घेऊन येईन, कुरिअरचा धीर होत नाही. इस्की या जुन्या अक्षर-कोडमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं नंतर बघू, आधी फाइली तर निघू देत.